न झालेल्या अपघातांची वही



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर वाचून काल एका सद्गृहस्थांनी आम्हांला रस्त्यात गाठले आणि विचारले, "काय हो, विमानांचा आणि तुमचा संबंध काय? तुम्ही हमालांचे आणि जिनिंगवाल्यांचे कार्यकर्ते. विमानात तरी कधी बसलात का?" प्रश्न वाजवी होता. आम्ही दोनदा बसलो आहोत, आणि दोन्ही वेळा खिडकी शेजारच्याला मिळाली. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही आहे ते वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या ओसरीवर झालेले. तेव्हा विमान कसे उडते हे आम्ही सांगणार नाही. विमानवाल्यांनी एक वही ठेवली आहे, तिच्याबद्दल सांगणार आहो. त्या वहीत झालेल्या अपघातांपेक्षा न झालेल्या अपघातांची नोंद अधिक असते. ती वही कामगाराच्या फार जवळची आहे, आणि ती आम्हांला फार उशिरा समजली.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादेस विमान कोसळले. आत २४२ माणसे होती, त्यांतला एक वाचला. खाली जमिनीवर होती त्यांतलीही काही गेली. तपासाला नुसता हात घातला होता तोच आमच्या चौकातल्या चहाच्या गाड्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल लागून मोकळा झाला होता. कोणी वैमानिकाला दोषी ठरवले, कोणी कंपनीला, कोणी अमेरिकेतल्या कारखान्याला. आम्हीही त्या बाकावर होतो आणि आम्हीही आमचे मत दिले, हे कबूल केले पाहिजे. अपघात झाला की 'कोणी केले' हा प्रश्न माणसाच्या तोंडून आपसूक निघतो. 'हे याआधी कोठे होता होता राहिले होते काय' हा प्रश्न आपसूक निघत नाही. त्यासाठी मुद्दाम यंत्रणा उभी करावी लागते.

येथे रेल्वेची पुष्कळ मंडळी बसली आहेत. मीटरगेजच्या काळातले जुने कर्मचारीही दिसतात. त्यांना एक गंमत ठाऊक असेल, इतरांना नसेल. रेल्वेचा मोठा अपघात झाला की चौकशीला येतात ते रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाचे नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखालचे असतात. १९४१ साली ही तपासणीची शाखा रेल्वे बोर्डापासून तोडून टपाल आणि हवाई खात्याकडे दिली. जो गाड्या चालवतो त्यानेच आपल्या अपघाताचा न्याय करू नये, हा त्यातला विचार. म्हणजे पूर्णा जंक्शनवर काही बरेवाईट घडले तर त्याची चौकशी विमानखात्याखालचा माणूस करणार. आमचा विषय वाटतो तितका आभाळातला नाही.

आता आपल्याच मराठवाड्यातली गोष्ट घ्या. २६ एप्रिल १९९३, भर दुपार. तेव्हाचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. चिकलठाण्याच्या विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे बोइंग विमान मुंबईला निघाले. आत ११८ माणसे. धावपट्टीच्या टोकापलीकडे, कुंपणाबाहेर, बीडचा रस्ता आडवा जातो. त्या रस्त्यावरून त्याच क्षणी रुईच्या दाबलेल्या गाठींनी भरलेला एक ट्रक चालला होता. विमान जमीन सोडून नुकते उठले होते. त्याचे डावे चाक आणि इंजिनाची खालची बाजू ट्रकला धडकली. जखमी झालेले ते विमान तसेच काही अंतर गेले, विजेच्या उच्च दाबाच्या तारांना लागले आणि पडले. ५५ माणसे गेली.

त्या वर्षी आम्ही विशीत होतो आणि स्वतः रुईच्या गाठी ट्रकवर चढवीत होतो. ट्रकवर गाठींचा थर किती उंच जातो ते आम्हांला पाठीने माहीत आहे. त्यामुळे ही बातमी आम्ही इतरांसारखी वाचली नाही. चौकशी झाली, आणि तिने दोन कारणे दिली. एक, वैमानिकांनी विमानाचे नाक उचलायला उशीर केला आणि उचलण्याची पद्धत चुकली. दुसरे, विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरची रहदारी आवरून धरण्याचे काम तेव्हाच्या राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाकडून झाले नाही. आम्ही दुसऱ्या कारणापाशी थांबलो. रस्ता त्या दिवशी जन्मलेला नव्हता. विमाने रोज उठत होती, ट्रक रोज जात होते. विमान डोक्यावरून फारच खालून गेले, असा अनुभव त्याआधी कोणा ड्रायव्हराला आला असेल की नाही? आला असेल तर तो त्याने सांगायचा कोणाला? धाब्यावर सांगितला असेल. धाब्यावरच्या गोष्टीची नोंद होत नाही.

हाच प्रश्न अमेरिकेत एकोणीस वर्षे आधी मोठा होऊन उभा राहिला होता. १ डिसेंबर १९७४ रोजी ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे ५१४ क्रमांकाचे विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावर उतरायला निघाले होते. हवा वाईट होती. नियंत्रकाने 'उतरण्यास परवानगी आहे' अशा अर्थाचे वाक्य सांगितले. वैमानिकाने त्याचा अर्थ असा घेतला की आता १८०० फुटांपर्यंत खाली यायला हरकत नाही. नियंत्रकाच्या मनात तसे नव्हते. मधे डोंगर होता. विमान डोंगरावर आदळले आणि आतली ९२ च्या ९२ माणसे गेली.

पुढे चौकशीत जे निघाले ते ऐका. सुमारे सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड एअरलाइन्स या दुसऱ्या कंपनीचे विमान त्याच मार्गाने, त्याच वाक्याचा तोच अर्थ लावून खाली आले होते आणि त्याच डोंगरावरून थोडक्यात वाचले होते. युनायटेडने त्याच वर्षी आपल्या वैमानिकांसाठी एक व्यवस्था सुरू केली होती : चूक झाली, धोका दिसला, तर मोकळेपणाने कळवा. त्या वैमानिकांनी कळवले. कंपनीने आपल्या सगळ्या वैमानिकांना सावध केले. युनायटेडचे वैमानिक सावध झाले. ट्रान्स वर्ल्डचे झाले नाहीत, कारण त्यांना कोणी सांगितलेच नाही. ज्ञान होते, लिहिलेले होते, कपाटात होते. फक्त कपाट दुसऱ्या कंपनीचे होते.

आम्ही हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून बाहेर फेरी मारून आलो. ते का, हे पुढे येईल.

या अपघातानंतर अमेरिकन सरकारच्या विमान खात्याने, म्हणजे फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने, १९७५ मध्ये जाहीर केले की ज्याला धोका दिसेल त्याने आम्हांला कळवावे. वैमानिकांचा विश्वास बसेना. कसा बसावा? हेच खाते परवाना देणार, हेच काढून घेणार, हेच दंड करणार, आणि त्याच खात्याला जाऊन सांगायचे की काल रात्री माझी उंची चुकली! मुकादमापाशी जाऊन आपला गुन्हा सांगण्यासारखेच ते. सरकारच्या लक्षात चूक लवकर आली, हे त्यांचे कौतुक. त्यांनी ते काम नासाकडे दिले. नासा म्हणजे चंद्रावर माणूस पाठवणारी संस्था. तिला परवाने द्यायचे नसतात आणि कोणाला शिक्षाही करायची नसते. १९७६ पासून एव्हिएशन सेफ्टी रिपोर्टिंग सिस्टिम या नावाने ही व्यवस्था चालू झाली.

तिची रीत अगदी साधी आहे. वैमानिक, नियंत्रक, विमानातली सेविका, दुरुस्तीचा कारागीर, कोणीही एक फॉर्म भरून पाठवतो. फॉर्मवर नाव-पत्त्याची एक पट्टी असते. काही विचारायचे असले तर नासाची माणसे त्या पत्त्यावर विचारतात, आणि मग ती पट्टी फाडून ज्याची त्याला परत पाठवतात. कचेरीत नाव राहातच नाही. ज्याने दहा दिवसांच्या आत कळवले, आणि ज्याची चूक जाणूनबुजून केलेली नव्हती, त्याला त्या चुकीबद्दल सरकारी दंड होत नाही. मात्र गुन्हा असेल किंवा प्रत्यक्ष अपघात झाला असेल, तर ही सवलत नाही. दारू पिऊन विमान चालवणाऱ्याला नासाची पट्टी वाचवीत नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण असे भाषण झाले की पहिला आक्षेप हाच येतो : म्हणजे काय, दोषी मोकळे सुटणार? मोकळे सुटत नाहीत. चुकणारा आणि बेमुर्वत यांत फरक केला जातो, इतकेच.

आजवर त्या कचेरीत दहा लाखांहून कितीतरी अधिक चिठ्ठ्या आल्या. त्यांतून निवडक गोष्टी नावे गाळून दर महिन्याला एका पत्रकात छापतात, आणि ते पत्रक कोणालाही वाचता येते.

शिक्षेचे भय गेले की काय होते याचा एक आकडा आम्ही पाठ केला आहे. डेन्मार्क हा चिमुकला देश. २००१ साली त्यांनी कायदाच केला की विमान व्यवसायातल्या माणसाने आपल्या चुका कळवल्याच पाहिजेत, आणि कळवणाऱ्याला शिक्षा होणार नाही. कायद्याआधीच्या वर्षात तेथल्या हवाई नियंत्रकांकडून आलेल्या नोंदी होत्या १५. कायद्यानंतरच्या पहिल्या वर्षात आल्या ९८०. आता कोणी म्हणेल, एका वर्षात डेन्मार्कचे नियंत्रक पासष्टपट निष्काळजी झाले! वर्तमानपत्रवाल्यांनी अशी चूक पुष्कळदा केली आहे. ज्या कंपनीच्या नोंदी जास्त ती कंपनी धोक्याची, असा मथळा देतात. वस्तुतः उलट असू शकते. ज्या कारखान्याच्या अपघाताच्या रजिस्टरात वर्षभर एकही ओळ नाही, त्या कारखान्यात आम्ही पाऊल टाकताना दोनदा विचार करतो.

नुसत्या चिठ्ठ्या गोळा करून मात्र भागत नाही, त्या एकमेकींशेजारी मांडाव्या लागतात. समजा, तालुक्याच्या गावी तीन डॉक्टर आहेत. प्रत्येकाकडे उलट्या-जुलाबाचे दोन-दोन रोगी आले. प्रत्येक डॉक्टर म्हणणार, दोनच आहेत, उन्हाळा आहे, काहीतरी शिळे खाल्ले असेल. परंतु तिघांची रजिस्टरे एका टेबलावर उघडली आणि सहाही रोगी एकाच विहिरीचे पाणी पितात हे दिसले, म्हणजे औषधाआधी विहिरीकडे धावावे लागते. एकेका डॉक्टराला विहीर दिसू शकत नाही. तो कितीही हुशार असो.

विमानात आज अशी यंत्रे आहेत की प्रत्येक फेरीचा वेग, उंची, कल, इंजिनाची गती, ब्रेक, सगळे क्षणाक्षणाला टिपले जाते. अपघातानंतर शोधतात ती काळी पेटी वेगळी. ही नोंद सुखरूप उतरलेल्या फेरीचीही वाचतात. एका कंपनीचा एक वैमानिक एका विमानतळावर फार वेगाने उतरला तर दोष वैमानिकाचा वाटतो. दहा कंपन्यांचे पन्नास वैमानिक त्याच धावपट्टीवर तसेच उतरत असतील तर दोष उतरण्याच्या आखून दिलेल्या वाटेत आहे. पण हे कळायचे कसे? दहा कंपन्या एकमेकींच्या वैरी. तिकिटाच्या दहा रुपयांवरून भांडणाऱ्या. त्या आपली दुखणी एकमेकींना दाखवतील?

दाखवतात. २००७ पासून अमेरिकेत कंपन्यांनी आणि सरकारने मिळून अशी नोंद एकत्र पाहण्याची सोय केली. सगळ्यांचे कागद मायटर नावाच्या एका तिऱ्हाईत, नफा न कमावणाऱ्या संस्थेकडे असतात. एका कंपनीला दुसरीचे कागद दिसत नाहीत. सगळ्यांचे मिळून काय निघते ते सगळ्यांना दिसते. कंपन्या हे धर्म म्हणून करीत नाहीत. एक विमान पडले की भीती सगळ्यांच्या तिकिटांवर बसते, हा व्यवहार त्यांना कळला आहे. व्यवहाराने का होईना, फळ मिळाले. २०१७ हे असे वर्ष गेले की जगभरात मोठ्या प्रवासी जेट विमानाच्या अपघातात एकही प्रवासी दगावला नाही. पुढच्याच वर्षी इंडोनेशियात काय झाले तेही विसरता येत नाही. २८ ऑक्टोबर २०१८ च्या रात्री एका नव्या बोइंग विमानाचे नाक आपोआप खाली जाऊ लागले. कॉकपिटात योगायोगाने तिसरा वैमानिक होता, त्याच्या मदतीने ते सावरले आणि उतरले. वहीत नोंद केली ती अपुरी. दुसऱ्या सकाळी तेच विमान दुसऱ्या वैमानिकांना घेऊन निघाले आणि १८९ माणसांसह समुद्रात गेले. लिहिणे म्हणजे पूर्ण लिहिणे. अर्धे लिहिले तर ते न लिहिण्यात जमा होते.

या सगळ्यात युनियन कोठे आहे, असे आमचे सहकारी विचारतात. आहे, आणि मानाच्या जागी आहे. १९९४ साली अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीत तिच्या वैमानिकांच्या संघटनेबरोबर एक समिती बसली. त्या टेबलाला खुर्च्या तीन : कंपनीची एक, सरकारची एक, युनियनची एक. आलेली प्रत्येक चिठ्ठी तिघांनी वाचायची आणि एकमताने ठरवायचे की काय सुधारायचे. पुढे ही पद्धत इतर कंपन्यांत पसरली. यंत्रातली नोंद पाहून एखाद्या वैमानिकाशी बोलायचे झाले, तर त्याचे नाव कळणारा आणि त्याच्याकडे जाणारा माणूस पुष्कळ ठिकाणी युनियनचा असतो, साहेब नसतो. हे सदैव गोडीगुलाबीने चालते असे समजू नका. २००८ मध्ये त्याच कंपनीत मालक आणि संघटना यांचे जमले नाही आणि ही व्यवस्था काही काळ बंदच पडली. तेव्हा दोघांनीही आपापल्या हट्टासाठी विमानातल्या माणसांचा जीव गहाण ठेवला, असे आमचे मत आहे, आणि त्यात आम्ही आमच्या भाऊबंदांनाही सोडीत नाही.

आता आम्ही पुस्तक मिटून फेरी का मारली ते सांगतो.

वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका जिनिंग कारखान्यात आमची संघटना होती. कारखान्याचे नाव घेत नाही. एका संध्याकाळी एक कामगार आमच्या कचेरीत आला. सदऱ्याची बाही खांद्यापासून फाटलेली, कोपराला खरचटलेले, बाकी धड. यंत्राच्या पट्ट्यावरची जाळी काढून ठेवलेली होती, साफ करताना बाही ओढली गेली, सदरा फाटला म्हणून हात वाचला. त्याला मॅनेजरला अर्ज लिहायचा होता की जाळी परत बसवा. लिहिता येत नव्हते म्हणून आमच्याकडे आला. आम्ही त्याला म्हणालो, "लेकरा, लिहू नकोस. तू बदली कामगार. चालू पट्ट्याला हात लावला हे तुझ्याच अंगठ्यानिशी कबूल होईल. उद्या निष्काळजीपणाचा मेमो हातात देतील." कायद्याच्या दृष्टीने आमचा सल्ला चोख होता. आजही कोणी वकील तोच देईल. तो गेला.

महिनाभराने दुसऱ्या पाळीत, त्याच पट्ट्यावर, एका बाईच्या उजव्या हाताची चार बोटे गेली.

आम्ही तिचा नुकसानभरपाईचा दावा लढवला आणि जिंकला. सत्कार झाला, हार घातले, भाषणे झाली. तो फाटक्या बाहीचा कामगार शेवटच्या रांगेत बसला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्याने वाजवल्या नाहीत. आमची आणि त्याची नजरानजर झाली. आम्ही त्याला काही बोललो नाही, तोही बोलला नाही. कपाट दुसऱ्या कंपनीचे होते असे मघाशी म्हटले. येथे कपाट आमचेच होते.

मालकांनी शिक्षेच्या भीतीने कामगाराचे तोंड बंद केले, हे आम्ही तीस वर्षे व्यासपीठावरून सांगत आलो. ते खरेच आहे. परंतु त्या भीतीवर आम्ही युनियनवाल्यांनीही आपले दुकान चालवले. 'लिहून देऊ नका, आधी आम्हांला भेटा' हे वाक्य आम्ही किती जणांना शिकवले त्याची मोजदाद नाही.

आपल्या देशात विमानवाल्यांचे कसे आहे? कागदावर बरेच आहे. विमान कंपन्यांनी प्रत्येक फेरीची यांत्रिक नोंद तपासावी असा नियम आहे. स्वेच्छेने कळवण्याची सोय आहे. २०१२ पासून अपघातांच्या तपासासाठी परवाने देणाऱ्या महासंचालनालयापासून वेगळा विभाग आहे, जरी दोघांचे मंत्रालय एकच आहे. तपास हा दोष लावण्यासाठी नसून पुढचा अपघात टाळण्यासाठी आहे, हे आंतरराष्ट्रीय तत्त्व आपण मान्य केले आहे. विश्वास मात्र नियमाने येत नाही. २२ मे २०१० रोजी मंगळूरला दुबईहून आलेले विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेले, १५८ माणसे गेली, आठ वाचली. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. विमान फार उंचावरून आणि वेगाने येत होते, सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर चला असे तीनदा सुचवले, तरी कप्तान उतरलाच, असे तिने सांगितले. त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. पूर्वी एकदा विमान जोरात आपटून उतरवल्याबद्दल या कप्तानाला समज देण्यासाठी बोलावले होते. या दोन गोष्टींचा संबंध जोडण्याइतके आम्ही तज्ज्ञ नाही. एवढे मात्र आम्हांला माहीत आहे की यंत्राची नोंद पाहून माणसाला कसे बोलावले, दारात उभे केले की खुर्ची दिली, यावर तो पुढच्या वेळी काय लपवील हे ठरते.

आणि रेल्वे? २ जून २०२३ रोजी बालासोरजवळ बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्सप्रेस उभ्या मालगाडीवर गेली. जवळजवळ तीनशे माणसे गेली. सिग्नलच्या तारांची जोडणी चुकली होती. सुरक्षा आयुक्तांनी अहवालात नमूद केले की वर्षभर आधी, १६ मे २०२२ रोजी, त्याच खरगपूर विभागात बाँकडा नयाबाज स्टेशनावर चुकीच्या जोडणीमुळे असाच प्रकार घडला होता. तेव्हाच दुरुस्तीची पावले टाकली असती तर बहानगा बाजारचा अपघात झाला नसता. डलेसच्या डोंगराला ४९ वर्षे झाली होती.

इंग्लंडमध्ये ५ ऑक्टोबर १९९९ रोजी लंडनमधल्या लॅडब्रोक ग्रोव्ह येथे दोन गाड्यांची टक्कर झाली, ३१ माणसे गेली. एक ड्रायव्हर लाल सिग्नल ओलांडून गेला होता. त्या सिग्नलचा क्रमांक एसएन १०९. पुढे मोजले तेव्हा कळले की आधीच्या सहा वर्षांत तोच सिग्नल आठ वेळा लाल असताना ओलांडला गेला होता. आठ वेळा आठ ड्रायव्हर चुकले असे कोणी म्हणू शकेल. आमचे रेल्वेतले मित्र म्हणतील की सिग्नल दिसण्यातच काहीतरी खोट असणार. तेथल्या रेल्वेत १९९६ पासून स्कॉटलंडमध्ये स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाच्या मदतीने नाव न कळता कळवण्याची सोय होती. या टकरीनंतर ती सगळ्या देशाच्या रेल्वेला लागू केली. अमेरिकेतही २००७ पासून काही रेल्वे कंपन्यांनी विमानांची पद्धत उचलली, आणि त्यांच्याही चिठ्ठ्या पुढे त्याच नासाकडे जाऊ लागल्या. आपल्याकडे डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ साली रेल्वेसाठी स्वतंत्र सुरक्षा प्राधिकरण मागितले होते. येथे बसलेल्या ड्रायव्हर-गार्ड मंडळींना आम्ही विचारतो, आणि हात वर करू नका, मनात उत्तर द्या : गेल्या वर्षात तुमच्या बाबतीत होता होता राहिलेली एक तरी गोष्ट तुम्ही लेखी कळवली का?

आमच्यापुरते आम्ही काय केले ते सांगून बसतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही तीन जिनिंग कारखान्यांच्या कामगारांसाठी एक वही सुरू केली. ती युनियनच्या कचेरीत ठेवली नाही, कारण आमच्यावर मालकांचा विश्वास नाही आणि, खरे सांगायचे तर, जुन्या सल्ल्यामुळे काही कामगारांचाही नाही. एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांकडे ठेवली. गुरुजींना ना कारखान्याशी देणेघेणे, ना आमच्या वर्गणीशी. ज्याला लिहिता येत नाही तो सांगतो, गुरुजी लिहितात. नावाची चिठ्ठी वेगळी. शंका फिटली की त्याच्यासमोर ती चुलीत जाते. पहिले पाच महिने वही कोरी होती. आम्ही गुरुजींना विचारायला जात असू, आणि ते वही उघडून दाखवून पुन्हा बांधून ठेवीत. सहाव्या महिन्यात एकाने पेन्सिलने दोन ओळी लिहिल्या.

आज २८ नोंदी आहेत. गुरुजींनी उन्हाळ्याच्या सुटीत नातवाला घेऊन त्या मांडल्या, वेळ, जागा, यंत्र. अकरा नोंदी एकाच वेळेच्या निघाल्या : पाळी बदलताना, जुनी पाळी घाईत साफसफाई करते आणि नवी पाळी पट्टा चालू करते तेव्हा. एकेका कारखान्यात तीन-चारच होत्या, म्हणून कोणाच्या डोळ्यांवर आल्या नव्हत्या. गुरुजींनी कारखान्यांची नावे गाळून एक कागद केला आणि तिन्ही मालकांकडे स्वतः पायी नेऊन दिला. दोघांनी पाळी बदलताना दहा मिनिटे पट्टा बंद ठेवायला सुरुवात केली. तिसरे मालक कागद घेऊन गुरुजींच्या घरी आले, ओसरीवर बसले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हे कोणी लिहिले?" गुरुजींनी त्यांना चहा दिला.